परिसंस्था शिकवताना स्क्रीनवर काय लावायचं

पाऊस लागला, धानाचे पऱ्हे टाकून झाले की शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेलाच राहतो, "अन्नसाखळीवर चांगला व्हिडिओ असेल तर टाका ना मॅडम". मग लिंका सुरू होतात. हिंदीतला, इंग्लिशमधला, मराठी डबिंगवाला, कोणी पाहिलेला, कोणी न पाहताच पुढे ढकललेला. मी भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, परिसर अभ्यास आणि विज्ञान दोन्ही घेते, आणि या विषयावर माझं मत आता पक्कं झालेलं आहे, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते, ग्रुपवर तुकड्या तुकड्यात सांगण्यात काही मजा नाही.

मत एवढंच आहे की जे लेकरू शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन स्वतःच्या डोळ्यानं पाहू शकते ते त्याला स्क्रीनवर दाखवू नका. स्क्रीन राखून ठेवा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी. काही गोष्टी फार बारीक म्हणून दिसत नाहीत, काही फार हळू होतात म्हणून, काही रात्री होतात म्हणून, आणि काही तर आता उरल्याच नाहीत म्हणून. परिसंस्था या विषयात अशा गोष्टी भरपूर आहेत, त्यामुळे टीव्ही, मोबाइल, टॅब सगळ्याला काम भेटते, फक्त योग्य काम दिलं पाहिजे.

आता आमचा भाग पाहा. भंडारा, गोंदिया, तिकडं चंद्रपूर, गडचिरोली, या पट्ट्यात गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत, कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधलेले, मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपल्यावर ते माजी मालगुजारी म्हणजे बोलीभाषेत मामा तलाव झाले. त्याच्याहून लहान ती बोडी. प्रत्येक लेकराच्या घराजवळ एखादी बोडी आहेच. तिच्यात शिंगाडा आहे, कमळ आहे, देवधान आहे, झिंगे, खेकडे, मरळ, बेडूक, पाणकोंबडी, बगळा, खंड्या, काठावर धामण, पाण्यात म्हशी, आणि जाळं घेऊन उतरणारे ढिवर समाजाचे लोक. उत्पादक, भक्षक, विघटक, माणूस, सगळं एका नजरेत. आणि आपण काय करतो, तर दारं खिडक्या लावून, लाइट बंद करून, आफ्रिकेतला सिंह झेब्र्याच्या मागं धावताना दाखवतो.

सिंह दाखवण्यात वाईट काही नाही, लेकरांना आवडतेही. पण त्याचा परिणाम काय होतो ते मी वर्गात पाहिलं आहे. अन्नसाखळीचं उदाहरण सांगा म्हटलं की अर्धा वर्ग म्हणतो गवत, झेब्रा, सिंह. ज्याच्या बापाच्या धानाच्या बांधीत रोज बेडूक आणि साप असतात ते लेकरू झेब्रा सांगते! म्हणजे त्याच्या डोक्यात बसलं की परिसंस्था ही टीव्हीतली, दुसऱ्या देशातली वस्तू आहे, आपल्या गावात ती नसते. पाठाचं मुख्य कामच तिथं फसते. त्यामुळे कोणताही व्हिडिओ निवडताना माझा पहिला प्रश्न हाच, की यातले प्राणी आणि झाडं आमच्या लेकरांच्या ओळखीची आहेत का. चितळ, सांबर, रानडुक्कर, रोही, मोर, मोह, तेंदू, पळस, बांबू असेल तर उत्तम. अस्वल असेल तर आपलं काळं, मोहफुलं आणि वारुळातली उधई म्हणजे वाळवी खाणारं असावं, बर्फातलं पांढरं नको. परदेशी व्हिडिओ लावायचाच असेल तर बोडी पाहून झाल्यावर लावा, म्हणजे लेकरू स्वतःच जोडून पाहते की आपल्याकडं या जागी कोण आहे.

दुसरी गोष्ट जी मी प्रत्येक व्हिडिओत, प्रत्येक चार्टमध्ये, प्रत्येक पीपीटीत सगळ्यात आधी तपासते ती म्हणजे बाण. हसू नका, हे फार महत्त्वाचं आहे. अन्नसाखळीत बाण हा ज्याला खाल्लं त्याच्याकडून ज्यानं खाल्लं त्याच्याकडे जातो. गवताकडून नाकतोड्याकडे, नाकतोड्याकडून बेडकाकडे, बेडकाकडून धामणीकडे. कारण बाण ऊर्जा कुठं चालली ते दाखवतो, कोण कोणावर झडप घालते ते दाखवत नाही. नेटवर भेटणाऱ्या कितीतरी चित्रांमध्ये बाण उलटे आहेत, साप बेडकाकडे बोट दाखवल्यासारखा. आणि लेकरांना ते उलटंच आधी पटते, कारण "साप बेडकाला खातो" या वाक्यात साप आधी येतो. एकदा का उलटा बाण डोक्यात बसला की पुढं आठवीत "परिसंस्था" हा पूर्ण धडा येतो तेव्हा ऊर्जेचा प्रवाह समजतच नाही. म्हणून मी व्हिडिओ बाणापाशी पॉज करते आणि विचारते, हा बाण काय सांगून राहिला? चुकीच्या बाणाचं चित्रसुद्धा मी मुद्दाम ठेवलेलं आहे, पाठ झाल्यावर लावते, कोण पकडते ते पाहायला. मागं एका मुलीनं उठून टीव्हीजवळ जाऊन बोटानं दाखवलं, "मॅडम, हे उलटं हाये, इथं तं बेडूकच सापाले खाऊन राह्यला."

बाणानंतर पाहायचं ते विघटक आहेत का. दहातल्या बऱ्याच व्हिडिओंत साखळी वाघावर किंवा गरुडावर संपते, वाजागाजा होतो, संपला व्हिडिओ. मग वाघ मेल्यावर काय होते? पानं गळतात ती जातात कुठं? बुरशी, जिवाणू, गांडूळ, शेणकिडे, उधई यांना वगळून परिसंस्था शिकवली तर ती अर्धीच. तसंच ऊन, पाणी, माती, हवा हे अजैविक घटक. नुसते प्राणी एकमेकांना खाताना दाखवले की लेकराला वाटते परिसंस्था म्हणजे मारामारी. आणि एक साखळी दाखवून थांबणारा व्हिडिओ असला तर त्याच्यापुढं अन्नजाळे आपल्याला काढावंच लागते, कारण बगळा काही फक्त मासा खात नाही, बेडूक खातो, किडे खातो, नांगर चालला की मागं मागं चालत जे निघेल ते खातो.

एक फार फिरणारी गोष्ट आहे, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995-96 साली कॅनडातून लांडगे आणून सोडले आणि मग हरणं कमी झाली, झाडं वाढली, बीव्हर नावाचे झाडं कुरतडणारे पाण्यातले प्राणी आले आणि नद्यांचं वळणसुद्धा बदललं. सुंदर बनवलेले व्हिडिओ आहेत त्याच्यावर. लांडगे सोडले हे खरं, परिणाम झाला हेही खरं, पण एका प्राण्यामुळं नद्या बदलल्या एवढं सरळ ते नाही, शास्त्रज्ञांमध्येच त्याच्यावर वाद आहे, बाकीची कारणंही आहेत. मोठ्या वर्गाला मी तो वाद सांगून दाखवीन. चौथी-पाचवीला नाही दाखवत, कारण तिथं गोष्ट इतकी गोड आहे की तीच सत्य म्हणून राहून जाते.

आता जिथं स्क्रीन खरंच लागते ते सांगते, आणि सगळ्यात आधी बोडीच्या पाण्याचा एक थेंब.

फोल्डस्कोप म्हणून कागदाचा सूक्ष्मदर्शक येतो, स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला. घडी घालून तयार होतो, वस्तू साधारण 140 पट मोठी दिसते, आणि चुंबकानं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवता येतो. मोबाइल केबलनं टीव्हीला जोडला की थेंबातलं जग सगळ्या वर्गाला एकदम दिसते, नाही तर एकेक लेकरू डोळा लावून पाहते तोवर बाकीचे बाकावर चढलेले राहतात. बोडीच्या काठावरचं हिरवं बुळबुळीत शेवाळ चिमटीभर काचेवर ठेवा. तो स्पायरोगायरा असला तर लांबच लांब काचेच्या नळीसारखे धागे दिसतात आणि प्रत्येक नळीच्या आत हिरवी फीत गोल गोल वळत गेलेली. हालत नाही, डुलत नाही, नुसती हिरवी. मग कडेनं काहीतरी सर्रकन जाते. वर्गात एकदम ओरडा. तो कोण, हे मलाही दर वेळी सांगता येत नाही आणि त्याची गरजही नाही. मी एवढंच विचारते की हे हिरवं कोणासाठी जेवण आहे, आणि हे पळणारं कोणाचं जेवण आहे. झिंगे काय खातात ते तेव्हा कळते. जो उत्पादक पुस्तकात "हिरव्या वनस्पती" एवढ्या दोन शब्दांत संपतो तो बोडीत असा केसासारखा बारीक आहे आणि मरळीपासून बगळ्यापर्यंत बरंच काही त्याच्या जिवावर आहे, हे कळायला मला याच्याहून चांगला डिजिटल रिसोर्स माहीत नाही. फोल्डस्कोप नसेल तर मोबाइलवर लावायचं स्वस्त क्लिपवालं मॅक्रो लेन्सही चालते, तेवढं मोठं नाही दिसत, पण डासाच्या अळ्या आणि पाणपिसू मस्त दिसतात.

हळू होणाऱ्या गोष्टींसाठी मोबाइलचाच टाइमलॅप्स. बरणीत ओली माती, पळसाची पानं, भाताचा घास, आणि शेजारी प्लास्टिकची पन्नी. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी एक फोटो, हे काम लेकरांकडं, पाळीपाळीनं. शेवटी सगळे फोटो जोडून चालवले की भातावर बुरशीची पांढरी लव येते, काळी पडते, पानाची जाळी होते, आणि पन्नी जशीच्या तशी. विघटक म्हणजे काय हे सांगायला मग जास्त बोलावं लागत नाही. नेटवर असे व्हिडिओ याच्याहून साफ भेटतात, पण ते दुसऱ्याच्या स्टुडिओतलं फळ राहते. हा भात काल शाळेत शिजलेला होता, हे लेकरांना माहीत आहे.

त्याच्याहून हळू आणि मोठं म्हणजे जमीनच बदलते ते. गूगल अर्थमध्ये टाइमलॅप्स आहे, 1984 पासूनची उपग्रहाची चित्रं वर्षामागून वर्ष चालवून पाहता येतात. त्याच्यात वैनगंगा शोधा आणि पवनीकडं या. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झालं, पण पाणी अडायला कितीतरी वर्षं गेली, आणि चित्र चालवत नेलं की नदीची बारीक रेघ हळूहळू पसरत पसरत निळं मैदान होते. आमच्याकडं वर्गात पुनर्वसनात आलेल्या घरातली लेकरं असतात. त्यांच्या आजीचं गाव त्या निळ्याखाली आहे. नदीची परिसंस्था आणि साठलेल्या पाण्याची परिसंस्था वेगळी, वाहत्या पाण्यातले मासे वेगळे, काठावरचं जंगल गेलं, शेतं गेली, सिंचनही झालं, हे सगळं मी बोलते, पण घाई करत नाही. ज्या लेकराला घरी विचारून यायचं आहे त्याला विचारून येऊ द्यावं. या एका चित्रावर माझा पूर्ण तास जातो आणि तो मला वाया गेलेला वाटत नाही. नेट मात्र याला चांगलं लागते, म्हणून मी घरी स्क्रीन रेकॉर्डिंग करून पेनड्राइव्हमध्येच घेऊन जाते.

रात्रीच्या गोष्टींबद्दल जरा जपून लिहिते. कॅमेरा ट्रॅप म्हणजे जंगलात झाडाला बांधलेला कॅमेरा, समोरून ऊब आणि हालचाल गेली की आपोआप चालू होणारा. त्याच्यातल्या क्लिपा सुंदर राहतात, साळिंदर, उदमांजर, अस्वल, बिबट, सगळे आपापल्या कामानं चाललेले, मागं संगीत नाही, निवेदक नाही. हेच खरं जंगल आहे आणि मी शिकारीच्या व्हिडिओपेक्षा हेच निवडते. पण आमच्याकडं वाघ हा चित्रातला प्राणी नाही. ताडोबा 1955 सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे, 1995 ला व्याघ्र प्रकल्प झाला, आमच्या शेजारचा नवेगाव-नागझिरा 2013 चा, आणि या सगळ्या जंगलांना लागून गावं आहेत. मार्च ते मे मध्ये मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे माणसं आत जातात, वाकून काम करतात, आणि हल्ले होतात. आपल्या वर्गात कोणाच्या घरी काय झालेलं आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असलं पाहिजे. बाहेरून बनून आलेल्या व्हिडिओत वाघ म्हणजे जंगलाचा राजा, ढोल वाजतात, झडप दाखवतात, रक्त दाखवतात. तो व्हिडिओ ज्या लेकराचा काका गेला आहे त्याच्यासमोर लावायचा का? मी लावत नाही. वाघ शिकवायचाच आहे, तो या परिसंस्थेच्या टोकाला आहे आणि त्याच्याशिवाय चितळ, डुकरं, गवत याचं गणित सांगता येत नाही. पण तो मी पायाच्या ठशावरून, कॅमेऱ्यासमोरून शांतपणे जाणाऱ्या क्लिपवरून आणि माणसानं जंगलात कसं, कधी, किती जणांनी जायचं या बोलण्यावरून शिकवते. अभ्यासक्रमात हे लिहिलेलं नाही तरी.

वाघ इतके थोडे काहून राहतात, असं लेकरं विचारतातच. त्याला व्हिडिओ लागत नाही, धान लागते. वर्गाच्या फरशीवर 1000 दाणे मोजून ठेवा, गटागटानं मोजले की लवकर होते. हे गवत. त्यातले 100 उचलून पुढच्या चौकोनात, हे चितळ. त्यातले 10 पुढं, हा वाघ. दर पायरीला साधारण दहावा हिस्साच पुढं जातो, बाकीचा जगण्यात, चालण्यात, अंगाच्या उबेत जातो. सरासरीचं गणित आहे, सगळीकडं नेमकं दहा टक्के नसते, हेही सांगून टाकायचं. हा विचार ज्यानं मांडला तो रेमंड लिंडमन अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये एका लहानशा तळ्यावर, सीडर बॉग लेकवर, वर्षानुवर्षं मोजमाप करत बसला होता, आणि 1942 मध्ये त्याचा लेख छापून आला त्याच्या काही महिने आधी तो गेला, वय 26. ही गोष्ट मी लेकरांना नेहमी सांगते. एक माणूस एका बोडीएवढ्या पाण्याजवळ बसून जगभरच्या विज्ञानाला काहीतरी देऊन गेला, आमच्या लेकरांनी हे ऐकलंच पाहिजे.

आणि आता जे उरलंच नाही ते. गिधाड. माझ्या वर्गातल्या एकाही लेकरानं जवळून गिधाड पाहिलेलं नाही, आणि त्यांच्या आजोबांना विचारा, ढोर मेलं की गावाबाहेर नेऊन टाकायचे आणि बघता बघता आकाशातून उतरायचे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत होते, असं ढोर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त कमी झाली. कारण 2004 च्या आसपास पक्कं झालं, 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं. इथं व्हिडिओ लागतोच, कारण दाखवायला पक्षीच नाही. गिधाडं मढ्यावर उतरतात आणि काही वेळात हाडं साफ करतात असा साधा, ओरडा नसलेला व्हिडिओ निवडावा. पण त्याच्याआधी मी दुसरं एक काम देते, घरच्या म्हाताऱ्या माणसाला गिधाडाबद्दल विचारून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणायचा. दोन मिनिटांचा पुरे. ते आवाज वर्गात लावले की झाडीबोलीतलं ते बोलणं ऐकताना लेकरं जेवढी गप्प बसतात तेवढी कोणत्याच ॲनिमेशनला बसत नाहीत. एक आजोबा त्याच्यात म्हणतात, "आता ढोर मेलं तं कुत्रेच येतेत बापा, आन् वास." एक पक्षी गेला तर पुढं काय होते, याचं उत्तर त्या एका वाक्यात आलं. या फायली मी जपून ठेवल्या आहेत, विचारूनच ठेवल्या आहेत, आणि बाहेर कुठं टाकत नाही.

ॲपबद्दल थोडक्यात. पक्ष्यांसाठी मर्लिन चांगलं, भारताचा पॅक एकदा डाउनलोड केला की रेंज नसतानाही चालते, आवाजावरूनही नाव सुचवते. ते सुचवते एवढंच, खात्री आपण करायची. झाडं-किडे ओळखायला सीक वापरते, त्याला खातं उघडावं लागत नाही, लेकरांच्या हातात द्यायला बरं. आयनॅचरलिस्ट मोठ्यांसाठी ठीक, लहान लेकरांची खाती त्याच्यावर काढू नका, फोटोबरोबर जागाही जाते. आमच्या भागात सारस आहे, महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडंच उरला आहे, त्याच्या घरट्याची जागा तर कोणत्याच ॲपवर, कोणत्याच ग्रुपवर टाकू नये, हे मी लेकरांना सगळ्यात आधी शिकवते.

फेटची सिम्युलेशन पुष्कळ जण वापरतात, कोलोराडो विद्यापीठाची, फुकट, डाउनलोड करून नेटशिवाय चालतात आणि बरीच मराठीत आहेत. त्यातलं ससे आणि लांडगेवालं सिम्युलेशन खरं तर नैसर्गिक निवडीचं आहे, परिसंस्थेचं नाही. तरी लांडगे काढून टाकले, चारा भरपूर ठेवला की ससे कसे वाढत जातात आणि चारा कमी केला की काय होते, एवढ्या भागासाठी मी ते वापरते. पुढचं जनुकांचं वगैरे पाचवीला उघडतच नाही. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मराठी गोष्टी आहेत, खुल्या परवान्याच्या आहेत म्हणून छापून वाटल्या तरी अडचण नाही. अरविंद गुप्तांच्या साइटवरही मराठी पुस्तकं आहेत, बसून चाळावी लागतात पण हाती लागते ते सोनं राहते. दीक्षा या सरकारी ॲपवर पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून जाता येते, पाठ्यपुस्तकाशी जुळणारं भेटते हा त्याचा मोठा फायदा. दर्जा मात्र धड्यागणिक वेगळा, त्यामुळे आधी पूर्ण पाहावंच लागते. मराठी विकिपीडिया किविक्स या ॲपवर उतरवून ठेवला तर नेटशिवाय वाचता येतो, मोठ्या लेकरांना शब्द शोधायला तेवढा पुरतो.

भाषेचं एक सांगते. शुद्ध पण परकं मराठी असलेला, भरभर बोलणारा डबिंगवाला व्हिडिओ आमच्या लेकरांना इंग्लिशएवढाच लांबचा वाटतो. असा व्हिडिओ चित्रं चांगली असतील तर मी आवाज बंद करून लावते आणि स्वतः बोलते, थांबवत थांबवत, त्यांच्याच शब्दात. प्राण्याचं गावातलं नाव आधी, पुस्तकातलं नाव नंतर. यूट्यूबवरून थेट कधीच लावत नाही, मधेच जाहिरात येते, संपल्यावर भलतंच काहीतरी आपोआप सुरू होते. आणि लाइनचा काय भरवसा, पावसाळ्यात वारा आला की गेली. म्हणून जे काही आहे ते मोबाइलमध्ये उतरवलेलं आणि पेनड्राइव्हमध्ये पण, आणि व्हिडिओ चार मिनिटाच्या वर नको. चार मिनिटानंतर लेकरं पाहत राहतात, विचारत नाहीत.

एक विषय असा आहे की ज्याला मी कधीची चांगला व्हिडिओ शोधून राहिली, आणि तो आमच्या सगळ्यात जवळचा. धानाची बांधी. आपण बांधीकडं पीक म्हणून पाहतो, पण ती पाणी साठलेली पूर्ण परिसंस्थाच आहे. तुडतुडे धानाचा रस शोषतात, कोळी तुडतुडे खातात, चतुर उडता उडता किडे पकडतो, बेडूक आहेत, बगळे आहेत. तुडतुडे दिसले की फवारणी होते, फवारणीनं तुडतुडे मरतात तसे कोळीही मरतात, आणि झाडाच्या आत घातलेली तुडतुड्यांची अंडी वाचतात. अंडी फुटली की खायला कोणी नाही, मग तुडतुडे आधीपेक्षा जास्त. इंडोनेशियात हे एवढं वाढलं की 1986 साली तिथल्या सरकारनं धानावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातले मित्रकिडे मोजायला शिकवणं सुरू केलं. हे आमच्या लेकरांनी शिकलं तर ते घरी जाऊन बापाशी बोलतील, बापाला हिशोब समजेल, फवाऱ्याच्या पैशाचाही आणि अंगावर उडणाऱ्या औषधाचाही. पण याच्यावर जे भेटते ते एक तर कृषीचं मोठ्यांसाठीचं भाषण, नाही तर औषधाची जाहिरात.

मला पाहिजे तो व्हिडिओ तीन मिनिटांचा आहे. धानाच्या बुंध्याजवळ पाण्याच्या वर बोटभर, जिथं तुडतुडे बसतात, तिथं कॅमेरा लावून कोळी शिकार करताना घेतलेला, आवाज कोणाचाच नसला तरी चालते, आवाज आम्ही देऊ. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडं कोणा शिक्षकानं, शेतकऱ्यानं, कृषीच्या विद्यार्थ्यानं असं काही काढलं असेल तर मला नक्की पाठवा. नसेल तर या खरीपात सहावी-सातवीच्या लेकरांना घेऊन, एका पालकांच्या बांधीत, त्यांना विचारून, आम्हीच काढणार आहोत. मॅक्रो लेन्स आहे, ट्रायपॉडच्या जागी बांबू रोवायचं ठरलं आहे, आणि रोवणी झाल्यावर साधारण महिन्याभरानं सुरू करू, तोवर तुडतुडे यायला लागलेले राहतात.